मामू आणि आषाढातली होडी

मामूंना स्वस्थ बसलेले मी फार थोड्या वेळा पाहिले. चहासुद्धा ते उभ्याने पीत, आणि अर्धा पेला उरला की तो हातात घेऊन दारापर्यंत एक फेरी मारून येत. जेवताना एक गुडघा कायम वर, जणू कोणी हाक मारली तर तसेच उठून जायचे आहे. तुमच्या आजोबांचे ते सख्खे मामा. लग्न होऊन मी दुबईला त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हापासून मीही त्यांना मामूच म्हणू लागले.

परवा तुमच्यातल्या साहिलने तो राहतो तिकडच्या तळ्यावरून एका माशाचा फोटो पाठवला. टायगर मस्की. लांबट, दातेरी, अंगावर पट्टे. खाली लिहिले होते की उन्हाळ्यात हा मासा खोल जातो, म्हणून गळाला वजन लावून तो होडीमागून हळूहळू ओढावा लागतो. मुलांनो, हे काम मी साठच्या दशकात दुबईच्या समुद्रात पाहिले आहे. आमचा मासा सुरमई होता, आणि होडी मामूंची.

तेव्हा अमिरात हे नावही नव्हते. खाडीच्या दोन्ही काठांना खजुराच्या झावळ्यांची घरे होती आणि गोडे पाणी गाढवावरून येत असे. मामू मूळचे रत्नागिरीकडचे. आधी कुवेत, मग बहारीन, मग दोहा असे करत ते दुबईला पोचले होते. मुंबईची बोट बाहेर समुद्रात नांगर टाकी, आणि मामू आपल्या मशीनच्या होडीतून उतारू आणि सामान खाडीत आणत. धंदा बरा होता. पण जरा जम बसला की त्यांना पुढचे गाव दिसू लागे. “इथलं खलास, बाय,” ते मला म्हणत. “आता जे काय आहे ते पुढं.” त्या वर्षी ‘पुढं’ म्हणजे अबूधाबी. तिथे तेल लागले होते आणि जो तो तिकडे निघाला होता.

मासे धरतानाही त्यांचे तसेच. काम नसले की ते गळ टाकत, आणि पाण्यात तो धड बुडतो न बुडतो तोच ओढून बघत. शेजारचा अरब नाखवा हसून म्हणे की या माणसाच्या गळाला मासा नव्हे, फक्त वारा लागतो. मामूही हसत आणि गळ पुन्हा ओढून बघत.

मुमानी, म्हणजे त्यांची बायको, गावीच होत्या. त्यांना आणायचे नेहमी पुढच्या वर्षी ठरे, आणि पुढच्या वर्षी मामूंचे गावच बदललेले असे. शेवटी मुमानी न कळवता बोटीने आल्या. उतारू उतरवायला गेलेल्या मामूंनी शिडीवरून खाली येणारी बाई हात देऊन होडीत घेतली, आणि मग ती आपलीच बायको आहे हे त्यांना दिसले. मुमानी एवढेच म्हणाल्या, “भाडं घेणार का?”

आल्या दिवशीच त्यांनी मला मनातले सांगितले. नवरा एका जागी राहणार असेल, तर त्या राहतील. तो पुन्हा एकटाच पुढे निघणार असेल, तर त्या परत जातील, आणि मग पुन्हा यायच्या नाहीत.

जूनच्या शेवटी मामूंनी होडी वाळूवर ओढून घेतली, उलटी केली आणि वर झावळ्यांचे झाप बांधले. आमची कोकणची सगळी माणसे गावी असेच करत. आषाढ लागला की होडी वर, ती नारळी पुनवेपर्यंत. आता दुबईत आषाढात आकाश कोरडे ठणठणीत असते, समुद्र तापून तेलासारखा पडून असतो. तरी होडी मात्र पावसासाठी झाकलेली. मी हे एकदा बोलून पाहिले होते. तुमच्या आजोबांनी मला डोळ्यांनी गप्प केले. मामूंचे वडील नारळी पुनवेआधी होडी घेऊन गेले होते आणि आले नव्हते.

होडी वर गेली आणि मामूंची उलघाल सुरू झाली. घरातून बाजारात, बाजारातून धक्क्यावर, तिथून पुन्हा घरी. रात्री अंथरुणावर उठून बसत. एका सकाळी त्यांनी ट्रंक काढली आणि कपडे भरू लागले. अबूधाबी. मुमानी भिंतीला टेकून बघत होत्या. मग शांतपणे बोलल्या.

“कुवेतहून बहारीनला गेल्याचा निरोप मला नारळी पुनवेच्या सुमारास मिळाला. दोह्याचा पण तेव्हाच. इथं आल्याचा पण. तुमचं गाव सुटतं ते आषाढात. होडी वर असते म्हणून.”

मामूंनी हातातल्या सदऱ्याची पुन्हा एकदा घडी केली. “आषाढात दर्या आपला नसतो,” ते म्हणाले.

“कोकणातला नसतो. मामंजी कोकणात गेले. इथं पावसाचा थेंब नाही नि तुम्ही होडी झाकून बसलाव.”

मामू सदरा तिथेच टाकून बाहेर पडले. ट्रंक मात्र तशीच उघडी राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजानंतर बाहेर आवाज आला म्हणून मी पाहिले, तर मुमानी एकट्याच झाप सोडत होत्या. थोड्या वेळाने मामू गेले आणि दुसऱ्या बाजूच्या गाठी सोडू लागले. होडी पाण्यात लोटायला शेजारचे चार लोक आले. मुमानींनी मलाही चढायला सांगितले.

उन्हाने वरचे पाणी कढत झालेले. सुरमई असलीच तर खाली, गारव्याला. गळाच्या पुढे तार, नाहीतर तिचे दात दोर कापतात. त्यावर शिशाचा गोळा. मुमानींनी दोर सोडत नेला आणि तर्जनीवर धरला. शिसे तळाला टकटकले की त्या हातभर वर घेत. मामू सुकाणूवर होते आणि दर थोड्या वेळाने नैऋत्येचे आकाश बघत. तिथे काहीच नव्हते. तरी त्यांचा हात मशीनवर जाई, होडी पळू लागे आणि दोर तिरका होऊन वर येई.

“हळू,” मुमानी म्हणत. “मासा खाली आहे. आपण वर पळतोय.”

मामू वेग कमी करत. परत वाढवत. परत “हळू”. असे किती वेळ चालले कोण जाणे. मग केव्हातरी मशीन एकाच सुरात वाजू लागले. मामूंनी होडीला मोठे, संथ वळण दिले. वळणावर आतल्या बाजूचा गळ मंदावतो आणि खाली बसतो, मासा बहुधा तिथेच घेतो. तिथेच घेतला. दोर मुमानींच्या बोटावरून सरकन गेला, बोट कापले. मामू उठलेच होते.

“बसा,” मुमानी म्हणाल्या. “होडी थांबली तर दोर सैल पडेल. सुकाणू सोडू नका. मी धरलंय.”

मामू बसले. बायकोच्या बोटातून रक्त ओघळताना बघत, दात आवळून, त्याच संथ गतीने होडी चालवत राहिले. मी मुमानींच्या मागे बसून आलेला दोर गोळा करत होते. सुरमई वर आली तेव्हा पट्टे चमकत होते, आणि ती होडीत पडेपर्यंत मामूंनी सुकाणू सोडले नाही.

परतताना खाडीचे तोंड दिसू लागले तसे मामू म्हणाले, “अबूधाबीला येशील?”

मुमानी माशावर ओले पोते घालत होत्या. इतक्या वर्षांत नवऱ्याने त्यांना प्रत्येक गाव कळवले होते. विचारले एकही नव्हते.

“आधी मासा कापू दे,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी हो म्हटले. थंडी पडल्यावर दोघे गेले, एकाच होडीतून. मला त्यांच्या रिकाम्या घराकडे कितीतरी दिवस बघवले नाही. मामू अबूधाबीतही धावतच राहिले, पण त्यानंतर गाव बदलले नाही.

ते वारले तेव्हा तुमचे आजोबा मुमानींना रत्नागिरीला पोचवायच्या तयारीने गेले. गावी घर आहे, माणसे आहेत, इथे एकट्या कशाला राहता, असे त्यांनी परोपरीने समजावले. मुमानींनी त्यांना जेवायला वाढले, आणि समोर बसून म्हणाल्या, “मला विचारून आणलं होतं, बाबा. मी हो म्हटलेलं. आता कशी जाऊ?”