गूळ-मिठाच्या दुकानातला पूर

लातूर जिल्हा नवीन झाला तेव्हा गावात सगळ्याच खात्यांच्या पाट्या नव्यानं लागल्या, तशी आमच्या विमा कंपनीचीही एक शाखा आली. पहिल्या मजल्यावर तीन खोल्या, एक टाइपरायटर आणि पिण्याच्या पाण्याचा माठ, जो बहुतेक दिवस रिकामाच असे. मी तिथं सहायक म्हणून लागले. आमच्या वस्तीतून असल्या नोकरीला लागलेली मी पहिलीच मुलगी, म्हणून माझ्या ऑर्डरचा कागद विहारात सगळ्यांसमोर वाचून दाखवला गेला. विमा म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. पगार दर महिन्याला होणार, एवढं कळल्यावर लोक उठले.

सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. नदीच्या पात्रात झिरे खोदून बायका वाटीवाटीनं घागर भरत होत्या. अशा दिवसांत कंपनीनं मला समुद्रकाठच्या एका मोठ्या शहरात तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं, आणि त्यातला एक अख्खा आठवडा पुरावर होता. भरतीच्या वेळीच मोठा पाऊस झाला तर काय होतं, चक्रीवादळात पाणी किती आत येतं, गटारं उलटी कशी वाहतात, हे शिकवणाऱ्या साहेबांनी नकाशे लावून समजावलं. धोका जोखायचा म्हणजे पाणी कुठून येईल, कुठं साचेल आणि तिथं काय ठेवलेलं आहे हे आधी बघायचं, असं ते म्हणाले. मी वही भरून लिहून घेतलं. हॉस्टेलच्या नळाला चोवीस तास पाणी होतं. पहिल्या दिवशी मी तो नुसताच सोडून बघत उभी राहिले, आणि मग कुणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून बंद केला.

परत आले तर शाखेला वरून उद्दिष्ट आलेलं. आगीच्या पॉलिसीला पुराचं संरक्षण जोडून घ्यायचं, सगळ्या शाखांना आकडा सारखाच. समुद्राकाठच्या शाखेला जेवढा, तेवढाच आम्हाला. आमचे शाखेचे साहेब बाहेरगावचे होते, गंभीर माणूस. ते म्हणाले, इथं पुराचा धोका नाही, म्हणून हप्ता कमी आहे, आणि हप्ता कमी आहे म्हणून लोक घेतील. बाजाराला हे गणित पटलं नाही. मी महिनाभर दुकानं हिंडले. एका औषधवाल्यानं विचारलं, थट्टा करताय का माझी? एका कापडवाल्यानं सरळ प्रश्न केला, पाऊस पडला न्हाई तर पैसे देणारा विमा हाय का तुमच्याकडं? मी म्हटलं, ते आमच्या खात्यात येत नाही.

शेवटी मी आप्पांच्या दुकानात गेले. आप्पा म्हणजे गूळ आणि मिठाचे ठोक व्यापारी. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, सोमवारी उपास. त्यांचं दुकान बाजाराच्या उतरत्या गल्लीत अगदी तळाला होतं आणि गोदाम रस्त्यापेक्षाही तीन पायऱ्या खाली. पुढच्या खोलीत मिठाची पोती, मागच्या खोलीत गुळाच्या ढेपा, आणि मागचं दार नाल्याकडं उघडणारं. ट्रेनिंगमधलं सगळं मला तिथं एका ठिकाणी दिसलं, फक्त पाणी तेवढं नव्हतं.

आप्पांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पूर म्हणजे नेमकं काय धरता तुम्ही? मी वहीतलं वाक्य पाठ म्हटलं, बाहेरून आलेलं पाणी एरवी कोरड्या असलेल्या जागेत शिरून पसरलं की तो पूर. त्यांनी ते मला दोनदा म्हणायला लावलं. मग त्यांनी गुळाकडं बघितलं.

"जिल्हा झाला," ते म्हणाले. "कलेक्टर आला, एसपी आला. पूर तरी किती दिवस मागं राहील? लिहा."

फॉर्मवर आणखी एक चौकट होती, पाण्याची टाकी फुटून होणाऱ्या नुकसानीची. तिला थोडा वेगळा हप्ता. आप्पा हसले आणि म्हणाले की टाकीत टाकायला पाणी कुठून आणायचं ते आधी सांगा. मी पट्टी लावून ती चौकट खोडली. जिल्ह्यातली पुराची पहिली पॉलिसी झाली म्हणून साहेबांनी मला चहा पाजला.

आमची वस्ती त्याच नाल्याच्या काठी, आप्पांच्या मागच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. पाऊस व्हायचा त्या वर्षांत नाला आमच्या घरात यायचाच. आम्ही त्याला कधी पूर म्हटलं नाही. पाणी आलं, एवढंच म्हणायचो आणि सामान माळ्यावर चढवायचो. त्या संध्याकाळी मी मायला पॉलिसीची गोष्ट सांगितली तर तिनं विचारलं, आपल्या घराचा उतरतो का गं? मी नियमांचं पुस्तक काढून बघितलं. मातीच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, नाल्यालगतची जागा. तिन्ही गोष्टी विमा देऊ नये अशा यादीत होत्या. तसं तिला सांगितलं.

"म्हंजी जितं पाणी येतंय तितं देत न्हाईत," माय म्हणाली.

तसं नसतं, म्हणून मी तिला जोखीम म्हणजे काय ते समजावायला लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी उलटली.

उन्हाळ्यात टँकर सुरू झाले. गल्लीतल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून गल्लीच्या वरच्या टोकाला विटा-सिमेंटची एक टाकी बांधली, म्हणजे टँकर तिच्यात ओतला की सगळ्यांना नळानं पाणी. पुढाकार आप्पांचाच होता. गवंड्याच्या डोक्यावर ते स्वतः उभे राहिले. वस्तीतल्या बायका, त्यांत मायही, विचारायला गेल्या की तुमचं भरून झाल्यावर एक नळ आमच्या बाजूनं सोडता का. कुणी त्यांना वाईट बोललं नाही. बैठकीत विषय घेऊ, असं सांगितलं. बैठक झाली, आणि उन्हाळा संपल्यावर बघू असं ठरलं.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दोन टँकर लागोपाठ आले. टाकी पहिल्यांदाच काठोकाठ भरली आणि गल्लीकडची भिंत गेली. मी ऑफिसात होते, पुढचं सगळं मला लोकांनी सांगितलं. पाणी उतारावरून चपला, टोपल्या, तागड्या घेऊन सुटलं आणि थेट आप्पांच्या तीन पायऱ्या उतरलं. आप्पांनी पुढचं दार लावायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मिठाची पोती डोळ्यांदेखत बसत गेली. मागं ढेपा सुटल्या. गोदामात गुडघ्याएवढं पाणी झालं आणि भिंत ओलावून फुगायला लागली तेव्हा आप्पांनी स्वतःच्या हातानं मागचं दार उघडलं. तांबडं पाणी नाल्यात उतरलं आणि वस्तीकडं निघालं.

वस्तीत आधी कुणाला खरं वाटेना. मग ज्याला जे सापडलं ते घेऊन सगळे धावले. घागरी, घमेली, बाळोती धुवायची बादली. जनावरं सोडून आणली. त्या गल्लीतून वस्तीला न मागता पाणी आलं ते तेवढंच. मायनं दोन घागरी भरल्या, लुगड्यातून गाळल्या आणि चुलीवर आटवत ठेवल्या.

अकराच्या सुमाराला आप्पा जिना चढून ऑफिसात आले. धोतर मांडीपर्यंत भिजलेलं, त्याला चिकट तांबडा रंग. ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "पूर आला."

दाव्याचा फॉर्म आम्ही पहिल्यांदाच कपाटातून काढला. नदीचं नाव, समुद्रापासूनचं अंतर, भरतीची वेळ, वादळ असल्यास त्याची दिशा. साहेबांनी मला सगळीकडं लागू नाही असं लिहायला सांगितलं. नदीच्या नावापुढं त्यांनी बराच विचार केला आणि नुसती एक रेघ ओढली.

तिसऱ्या दिवशी नांदेडहून नुकसान जोखणारे सर्व्हेअर एसटीनं आले. वयस्कर, बारीक अंगाचे, बोलणं हळू. गोदावरीकाठच्या दाव्यांवर त्यांची हयात गेली होती. मी त्यांना गोदामात घेऊन गेले. त्यांनी बूट काढले, भिंतीवरच्या ओलीवर बोट फिरवून जिभेला लावलं, आणि खारट कुठं संपतं, गोड कुठं सुरू होतं तिथं खडूनं खूण केली. पोती मोजली. रिकामी आणि धुतल्यासारखी स्वच्छ. मग त्यांनी आप्पांना विचारलं की टाकी फुटली त्याला तुम्ही पूर कसं म्हणता. आप्पांनी माझ्याकडं हात केला आणि माझं वाक्य शब्द न शब्द म्हणून दाखवलं. बाहेरून आलेलं पाणी, एरवी कोरडी जागा, शिरून पसरलं. माझ्यापेक्षा त्यांनाच ते पक्कं पाठ होतं.

"तुम्ही असं सांगितलं होतं का, बेटी?" सर्व्हेअरनी विचारलं.

मी हो म्हटलं. टाकीची चौकट कुणी खोडली तेही त्यांनी विचारलं. मी खोडली, म्हणून सांगितलं, यांच्या सांगण्यावरून.

त्यांनी डोकं खाजवलं आणि मागच्या दारातून बाहेर गेले. नाल्याच्या चिखलात पायांचे ठसे होते, घागरींच्या बुडांची गोल वळी होती आणि मुंग्यांच्या रांगा वस्तीच्या दिशेनं चालल्या होत्या. माल कोण घेऊन गेलं, असं त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, माल कसला, पाणी गेलं. मला गप्प राहता आलं असतं.

"वस्तीनं भरून नेलं," मी म्हटलं. "माझ्या आईनंबी. दोन घागरी."

मी कुठं राहते हे आप्पांना तोवर माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग नाल्यापलीकडच्या पत्र्यांकडं बघितलं. त्यांच्या मालाचा हिशोब घ्यायला मी आले होते आणि तो माल आमच्या चुलीवर आटला होता.

साहेबांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, लेखी जबाबात एवढंच लिही की ग्राहकाला पुराच्या व्याख्येचं छापील पत्रक दिलं होतं. तू अजून कायम झालेली नाहीस, विचार कर. पण आमच्याकडं छापील पत्रक नव्हतंच. मी झालं तसं लिहिलं. त्यात शौर्य काही नव्हतं. सर्व्हेअरनी ते आधीच वहीत उतरवून घेतलं होतं, आणि खोटं सापडलं असतं तर नोकरी खऱ्यापेक्षा लवकर गेली असती.

चार महिन्यांनी वरच्या ऑफिसचं पत्र आलं. पॉलिसीत 'पूर' या शब्दाच्या शेजारी 'जागा जलमय होणे' असेही शब्द होते, त्यांचा आधार घेऊन त्यांनी दावा मान्य केला. पण मिठापुरताच. मीठ कुणाच्याच उपयोगी पडलं नाही, म्हणून ते नष्ट झालं. गूळ लोकांच्या आणि जनावरांच्या पोटात गेला होता, तेव्हा त्याला नष्ट झाला म्हणता येत नाही. तो मालकानं दार उघडून ताब्यातून सोडला, असा शेरा होता. मला वेगळा मेमो आला की यापुढं धोक्यांची तोंडी व्याख्या करू नये. त्यासोबत पत्रकांचा एक गठ्ठा आला. पत्रकावर वाकलेलं नारळाचं झाड आणि एक मोठी लाट.

पत्र घेऊन मीच आप्पांकडं गेले. साहेबांनी शिपायाला पाठवायचं ठरवलं होतं, मला ते बरं वाटलं नाही. आप्पांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

"म्हंजी दार उघडलं न्हसतं तर गुळाचेबी पैसे भेटले असते?"

मी म्हटलं, कदाचित.

"दार उघडलं न्हसतं तर भिंतच गेली असती," ते म्हणाले. मग पत्राची घडी घालत विचारलं, "तुमच्या मायनं काय केलं त्याचं?"

मी सांगितलं, आटवून काकवी केली. थोडी खारट झाली.

त्यांनी व्यापाऱ्यासारखी मान हलवली. "मिठाची खोली पुढं हाय. उतरलं आसंल."

ते रागावले होते की नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. वर्ष संपल्यावर त्यांनी पॉलिसी पुन्हा घेतली आणि या वेळी टाकीची चौकटही ठेवली. टाकी नव्यानं बांधून झाली, भिंती दुप्पट जाड. वस्तीच्या नळाचा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं. गल्लीतल्या इतरांनीही माझ्याकडून पुराच्या पॉलिसी घेतल्या आणि आमच्या कोरड्या जिल्ह्यानं उद्दिष्ट गाठलं. वरच्या ऑफिसनं त्याबद्दल साहेबांचं अभिनंदन केलं.

पुढं पाऊस झाला. नाला नेहमीसारखा आमच्या घरात आला. मायनं सामान माळ्यावर चढवलं, मी वाटायला घरी आणलेला पत्रकांचा गठ्ठा चढवला.

मला कायम केलं आणि नांदेडला बदली दिली. समोर गोदावरी, म्हणजे इथं पुराची पॉलिसी हातोहात जाईल, असं मला वाटलं होतं. पण नदीकाठचे दुकानदार मला कौतुकानं पाण्याच्या जुन्या खुणा दाखवायचे, अमक्या साली इथवर आलं होतं म्हणून खांबावर हात ठेवायचे, आणि शेवटी म्हणायचे, एकदा येऊन गेला की आता आपल्या हयातीत येत न्हाई. लातुरात ज्यांनी पूर बघितला नव्हता त्यांनी विमा घेतला होता. इथं ज्यांनी बघितला होता ते मला चहा पाजून परत पाठवत होते.

भाड्याची खोली शोधायला मी मायला सोबत नेलं होतं. घरमालक तळमजल्याची खोली दाखवत होता. नवा चुना, मोठी खिडकी, दारात नळ. मला आवडली. माय आत गेली, भिंतीवर कमरेच्या उंचीला तळहात टेकवून चारही बाजूंनी फिरली, एका कोपऱ्यात थांबली आणि नखानं चुना खरवडला. खाली गाळाची फिकट रेघ होती.

"वरची खोली दावा," ती मालकाला म्हणाली.

तो म्हणाला, आमच्याकडं पाणी येत नाही, मावशी. माय जिना चढायला लागली. वरची आम्ही घेतली. भाडं तेवढंच होतं. पावसाळ्यात तिचं छत गळायचं, आणि छत गळणं म्हणजे पूर नव्हे, हे मला एव्हाना पाठ झालं होतं.