थोरल्या-धाकट्याचा अबोला

सर्व्हर रूममध्ये धूळ येऊ नये म्हणून आम्ही चपला बाहेर काढतो. किस्से मात्र कुठून आत येतात अन् कसे साचत जातात, कळत नाही!

आमच्या ट्रस्टच्या दोन रक्तपेढ्या, एक चंद्रपूरला, एक गडचिरोलीला. दोन्हीकडे एकेक सर्व्हर. एक बंद पडला तर दुसऱ्यानं काम उचलायचं. त्यासाठी दोघं सेकंदासेकंदाला "आहेस का?" "आहे!" करत असतात. उत्तर आलं नाही, की समजायचं, गेला! चंद्रपूरचा थोरला, गडचिरोलीचा धाकटा. ही नावं आमच्या रंगारी बाईंची. आम्ही तिघं चंद्रपूरला. रक्ताच्या नोंदी बाईंकडे, केबल शेख भाऊंकडे, अन् बोलणी खायचं काम माझ्याकडे.

*

एकदा बाई वरोऱ्याहून एसटीनं येत होत्या. मी फोन केला. गाडीच्या खडखडाटात बाई ओरडल्या, "काय? थोरला मेला? काल तं चांगला होता ना! मंग धाकट्यावर भार टाका!"

शेजारच्या आजींनी त्यांचा हात धरला. "किती वर्षाचा होता वो?"

"सहा."

"आई गं! काय झालं होतं?"

"काही नाई जी, पंखा जाम झाला."

चंद्रपूर येईपर्यंत आजी बाईंच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. बाई म्हणाल्या, "सांगणारच होती, पन लय बरं वाटून राह्यलं होतं!"

*

एका अपडेटनंतर दोघांनी अबोला धरला. पिंग जात होता, म्हणजे हाकेला ओ मिळत होती. नागपूरच्या हेड ऑफिसचे साहेब "इकडून सगळं ग्रीन आहे!" म्हणत होते. शेवटी सापडलं, फायरवॉलनं, म्हणजे राखणदार प्रोग्रामनं, नेमका त्यांच्या बोलण्याचाच पोर्ट बंद केला होता.

शेख भाऊंना समजावायला गेलो तर म्हणाले, "समजलं. दार वाजवलं तं आतून 'कोन?' म्हनते, पन कडी काढत नाई. रविवारी दुपारी मीबी तेच करतो!"

*

मग एकदा मूल गावाच्या पुढं जंगलात केबल तुटली. शेख भाऊंचा फोन आला, आवाज एकदम बारीक. "भाऊ, तुटलेली जागा सापडली. पन तिच्यावर वाघ बसून आहे."

नागपूर म्हणालं, काम थांबल्याचं कारण सिस्टिममध्ये भरा. तिथल्या यादीत वाघ नव्हता. शेख भाऊंनीच सुचवलं, "'अन्य विभागाचा कर्मचारी जागेवर हजर' असं टाका ना."

दोन तासांनी नागपूरहून उत्तर, "त्यांचा मोबाईल नंबर मिळेल का?"

*

पण रंगारी बाई अन् गडचिरोलीचे मल्लेश भाऊ, हा किस्सा वेगळाच!

मल्लेश भाऊ मूळचे सिरोंच्याचे, घरी तेलुगू. धाकटा कोणी बंद केला यावरून दोघांचं असं वाजलं, की चार महिने बोलणं बंद. काम मेलवर, तेही मला मध्ये घालून.

एके दुपारी लिंक गेली. दुसरा मेला असं समजून दोन्ही सर्व्हरनी कारभार हातात घेतला, अन् दोघांच्या नोंदी जुळेनात. शेख भाऊ गच्चीवरच्या बॉक्समध्ये फॉल्ट शोधत होते. तेवढ्यात मूलहून एका डॉक्टरांचा फोन. बाळंतिणीला रक्तस्राव, गट दुर्मिळ. आमची स्क्रीन म्हणत होती, दोन पिशव्या गडचिरोलीला. गडचिरोलीच्या काउंटरनं स्क्रीन पाहून सांगितलं होतं, चंद्रपूरला.

"गाडी कुठं पाठवू?" डॉक्टर ओरडले.

बाईंनी आमचा फ्रिज स्वतः उपसला. त्या गटाची एकही पिशवी नाही. नागपूर म्हणालं, "लिंक येऊ द्या. डेटा जुळल्याशिवाय काही सांगू नका."

बाईंनी माझा मोबाईल ओढून घेतला अन् नंबर लावला.

"मल्लेश भाऊ, मी रंगारी. स्क्रीन पाहू नका. फ्रिज उघडा."

पलीकडे फ्रिजच्या दाराचा आवाज.

"आहेत बाई. दोन."

गाडी गडचिरोलीला धावली. दिवस मावळायच्या आत ऑफिसच्या फोनवर डॉक्टर हसतच बोलले, आई वाचली, मुलगी दूध प्यायली.

शेख भाऊ जिन्यावरून धावत खाली आले. बाई अजून कोपऱ्यात माझा मोबाईल कानाला लावून उभ्या!

"बाई, लिंक जुडली! ठेवा आता फोन!"

बाईंनी फोनवर हात ठेवला. "थांबा ना जी! आत्ता तं कुठी बोलाले लागले ते!"