होडीखालचं पाणी

रुइफेनताई रस्त्याने चालतात तेव्हाही चित्र बघत असल्यासारख्या चालतात. पुलावर थांबतात, पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याशी नजर टेकवतात आणि तिथून पायवाट धरून सावकाश वर जातात. मागून हातगाडीवाला ओरडला तर म्हणतात, "थांब जरा, मी अजून पाइनच्या झाडापर्यंतच पोचलेय."

चित्राला मागून कागद चिकटवणं आणि भोवती रेशमी काठ लावून ते टांगण्याजोगं करणं हा त्यांचा धंदा. सासऱ्यांनी शिकवला. गव्हाच्या सत्त्वाची खळ त्या घरीच करतात, तिच्यावरचं पाणी रोज बदलतात. फळीवर डकवलेलं चित्र वाळलं की नाही ते टिचकी मारून आवाजावरून ओळखतात. चित्राच्या वरच्या रेशमाला या धंद्यात आभाळ म्हणतात, खालच्याला जमीन. रुइफेनताईंचं आभाळ जिल्ह्यात नावाजलेलं. सुरकुती शोधून सापडायची नाही. पण चाळीस वर्षांतलं सगळं काम बाहेरगावी गेलं, लोकांच्या बैठकींत टांगलं गेलं. आमच्या गावात त्यांच्या हातचं एकही चित्र कुणाला दिसलेलं नाही. हे त्या कधी बोलत नसत, पण त्यांना ते सलतं हे मला ठाऊक होतं.

म्हणून आमच्या गावच्या, आता हयात नसलेल्या चित्रकार मास्तरांच्या बायकोने त्यांनी काढलेलं नदीचं चित्र क्वानयिन मातेच्या देवळाला दिलं, तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला. दुसऱ्या महिन्याच्या एकोणीसला मातेचा जन्मदिवस, रुइफेनताईंनी काठ लावायचा आणि त्या दिवशी ते टांगायचं, असं ठरलं. भिंतीचं माप मी घेऊन देते म्हणाले. ते माझ्या वहीत आहे : बाराव्या महिन्याची चोवीस, देऊळ झाडलं, भिंत साडेसात फूट.

रुइफेनताईंनी चित्रावर वीस दिवस घालवले. चार फुटांचं चित्र, वर दोन फूट आभाळ, खाली एक फूट जमीन. रेशीम चांदण्याच्या रंगाचं. वरून लोंबत्या दोन अरुंद फिती, त्या वाऱ्याने हलल्या की पाकोळ्यांसारखी पाखरं चित्रावर बसत नाहीत. एकोणीसच्या तीन दिवस आधी आम्ही ते देवळात नेलं, खिळ्याला अडकवलं आणि सोडलं. ते निम्मं उलगडलं आणि पूजेच्या मेजावर उदबत्तीच्या राखेत जाऊन टेकलं.

माप घेतलं त्या दिवशी मेज धुवायला अंगणात नेलेलं होतं. तीन फूट उंचीचं मेज. दर महिन्याच्या पहिल्याला आणि पंधराव्याला मी त्याच मेजापुढे गुडघे टेकते आणि तेच विसरले. माझा चेहरा बघून रुइफेनताई म्हणाल्या, "लियान, रडायचं असेल तर चित्रापासून लांब उभी राहा."

देवळाची व्यवस्था न्येभाऊंकडे. त्यांचं टोफूचं दुकान आहे, रोज शेकडो चौकोन कापायची सवय. त्यांनी चित्र मेजावर पसरायला लावलं आणि बराच वेळ बघितलं. खाली खडक आणि झोपडी, वर डोंगराचा माथा, मधे पांढराशुभ्र कागद आणि त्यात नखाएवढी एक होडी. न्येभाऊंचं म्हणणं पडलं की रेशीम एवढं देखणं झालंय, त्याला हात लावणं पाप. मधे दीड हात कोरा कागद आहे, मास्तरांनी तिथे काही काढलेलंच नाही. होडीच्या वरखालच्या तेवढ्या पट्ट्या काढून तुकडे जोडले आणि मेज थोडं पुढे ओढलं की काम झालं. इतक्या सफाईने जोडणारा हात दुसरा कुणाचा नाही, हेही ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

रुइफेनताई लगेच नाही म्हणाल्या नाहीत. रेशमावरून त्यांनी एकदा हात फिरवला. मग दोन करडे, दगडी रंगाचे कागद घेऊन होडीच्या वर आणि खाली ठेवले आणि सरकवत सरकवत पांढरा भाग झाकून टाकला. खडक आणि डोंगर जवळ आल्यासारखे झाले, मधे होडी.

"न्येभाऊ, होडी कुठे आहे?"

न्येभाऊ वाकले. "दगडांत अडकलीय."

"आणि नावाडी?"

"बसलाय बिचारा. आता जाणार कुठे?"

रुइफेनताईंनी कागद काढून घेतले. न्येभाऊंनी, होडीला धक्का लागेल की काय अशा बेताने, आपलं बोट मेजावरून मागे घेतलं.

"रेशीम निघेल," रुइफेनताई म्हणाल्या. "ते माझं आहे. पाणी मास्तरांचं आहे."

त्या दोन दिवसांत मी त्यांच्याकडे पाणी तापवायला आणि ओली फडकी पिळायला होते. वीस दिवसांचं काम त्यांनी वाफ देऊन, बोटांनी चाचपत उतरवलं. वर आणि खाली दोन-दोन बोटं रेशीम ठेवलं, बाकी सगळं घडी करून पेटीत. फितींनाही जागा उरली नाही. त्या गुणगुणत होत्या. माफी मागायला मी तीनदा तोंड उघडलं, तीनदा त्यांनी खळीचं भांडं माझ्या हातात दिलं.

आज एकोणीस. चित्र मेजाच्या वर चार बोटांवर थांबलं. सकाळपासून गर्दी होती. लोक नमस्कार करून पुढे सरकायचे, चित्राशी रेंगाळायचे, आणि न्येभाऊ प्रत्येकाला सांगत होते, "ते कोरं नाही, पाणी आहे. होडी बघा, म्हणजे कळेल." दुपारपर्यंत तर नदी त्यांनीच खणल्यासारखं बोलू लागले. पाकोळ्या मात्र देवळात शिरल्या होत्या, आणि फिती नसल्यामुळे टोफूचं फडकं उडवत त्यांना हाकलायचं कामही न्येभाऊंवरच आलं.

आम्ही दोघी पायरीवर शेवयांचे वाडगे घेऊन बसलो होतो. परगावच्या एक बाई बाहेर येऊन म्हणाल्या, चित्र फार छान, डोळे निवले, पण काठ किती कंजूषपणे लावलाय, कुणाचं काम आहे?

मी तोंड उघडणार तोच रुइफेनताईंनी कोपराने ढोसलं. "असेल कुणी नवशिकं," म्हणाल्या, आणि माझ्या वाडग्यातलं मश्रूम उचलून खाल्लं.