बादली बादलीनं

काका बाही कोपरापर्यंत वर करायचे, टाकीच्या पाण्यात हात घालायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. आम्ही समजायचो, आता अर्धा तास गेला.

आमची हॅचरी म्हणजे ट्राउट मासे वाढवून आसपासच्या तळ्यांत सोडणारं सरकारी केंद्र. तुम्ही कधी आलात तर मुठीमुठीनं खाद्य टाकणारी मुलं दिसतील आणि त्यांच्याहून जास्त रमलेले आईबाप. मी तिथे टाकीचा ट्रक चालवतो. काका निवृत्त इंजिनीअर, हौसेनं मदतीला येणारे. जन्मात मासा खाल्ला नाही. केकसुद्धा अंड्याची चौकशी करून खायचे.

ट्रक तळ्यावर पोचायच्या आत गळवाले हजर. आमचे मासे नसते तर उन्हाळाभर गळाला शेवाळच लागलं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. मला वाटायचं, पाइप लावावा, झडप उघडावी आणि मोकळं व्हावं. पण काका आडवे यायचे. टाकीतल्या पाण्याचा गारवा वेगळा, तळ्यातल्याचा वेगळा. एकदम सोडलं तर मासे धक्क्यानं मरतात. म्हणून तळ्याचं पाणी आणून टाकीत थोडं थोडं मिसळायचं.

"काका, दहा बादल्या झाल्या. बास की आता!"

"अरे, घर बदलतंय त्यांचं. घाई कुणाला आहे? बादली बादलीनं."

चिडलेल्या गळवाल्याला हसून म्हणायचे, "टेन मिनिट्स, माय फ्रेंड. लेट देम मीट द लेक."

मलाही त्यांनी असंच मिसळून घेतलं. कॉलेजसाठी या परक्या देशात आलो तेव्हा एका बेसमेंटमध्ये राहत होतो आणि पहिल्याच बर्फात मायदेशी परत जायच्या गोष्टी करत होतो. काकांनी उपदेश केला नाही. एका रविवारी बूट आणून दिले, पुढच्या रविवारी दारातला बर्फ शोव्हल करायला शिकवलं, त्याच्या पुढच्या रविवारी काकूंच्या हातची आमटी. परत जायचं राहूनच गेलं.

काकू गेल्या आणि काका विसरायला लागले. आधी चाव्या, मग चालू स्टोव्ह. ऐन जानेवारीत एकदा स्लिपर घालून हॅचरीकडे चालत निघालेले सापडले. त्यांचा मुलगा मार्कहॅम शहरातून दर शनिवारी यायचा. त्यानं नर्सिंग होमच्या, म्हणजे इथल्या वृद्धांना कायमचं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, वेटलिस्टवर त्यांचं नाव घातलं होतं. एका मंगळवारी तिथून फोन आला: बेड रिकामा झालाय, उद्यापर्यंत उत्तर हवं.

"आधी दोनचारदा नुसतं नेऊन आणू या ना," मी मुलाला म्हणालो. "तासभर, चहाला. सवय होईल त्यांना."

"आय नो, मॅन. मी पण तेच विचारलं. पण हो म्हटलं की लगेच मूव्ह करावं लागतं, नाहीतर लिस्टमधून नाव जातं. मी काय करू, तूच सांग."

त्याच्यावर रागावता येईना. आयुष्यभराचं घर आम्ही दोन सुटकेसमध्ये कोंबलं आणि माशांसाठी अर्धा अर्धा तास भांडणाऱ्या माणसाला एका दुपारी उचलून नेलं.

खोलीच्या दारात काका अडले. नर्स आतून हसून बोलावत होती, मुलगा पाठ फिरवून डोळे पुसत होता. काकांनी चौकट घट्ट धरली आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"पाणी मिसळलंस का रे?"

"हो काका."

"बादली बादलीनं?"

"हो."

माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी चौकट सोडली आणि आत गेले.