वापरलेले कार्बन

टायपिंगवाल्या काकूंच्या चिकटपणाला तोड नव्हती. एकच कार्बन पेपर त्या वीस-वीस पानांना लावायच्या. खालची प्रत वाचताना लोकांच्या नाकी नऊ यायचे. म्हणून कादंबरीकाराच्या बायकोने नव्या कार्बनचं खोकंच आणून दिलं. "काकू, दर पानाला कोरा कार्बन. माझी शपथ आहे." काकूंच्या अगदी जिवावर आलं, पण शब्द पाळला. एकदाच वापरलेले ते तीनशे कार्बन फेकवेनात, म्हणून एकेक करून परत खोक्यात रचले.

पुस्तक सरकारच्या वर्मी बसणारं होतं. टायपिंग संपलं त्याच आठवड्यात कादंबरीकाराला उचललं, हस्तलिखित आणि दोन्ही प्रती त्याच्याच दारात जाळल्या. मग पोलिसांचे साहेब काकूंकडे हजर. कपाट उपसलं, गाद्या उसवल्या, मशीनची रिबनसुद्धा काढून नेली. खोकं उघडलं तेव्हा बोटं काळी झाली, ती काकूंच्या पडद्याला पुसली.

"हा कचरा कशाला जपलाय?"

"अजून दहा वेळा चालतील," काकू म्हणाल्या. खरंच त्यांच्या मनात तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी एक अर्ज टाइप करायचा होता. शाई किती उरलीय ते बघायला काकूंनी वरचा कार्बन खिडकीच्या उजेडात धरला. कादंबरीचं शेवटचं पान, अक्षरन् अक्षर लख्ख! त्यांनी नवऱ्याला हाक मारून दाखवलं.

"जाळून टाक," काका कुजबुजले. जन्मभर कारकुनी केलेला माणूस. "नसती बला कशाला?"

काकूंचं डोकंच फिरलं. "तो तिकडे कोठडीत सडतोय आणि त्याचं पुस्तक माझ्या फळीवर आहे! तुम्ही काचेवर धरून वाचा. मी टाइप करते."

काका पुटपुटत उठले आणि चष्मा शोधू लागले.

चार महिन्यांनी साहेब आले ते छापील पुस्तक नाचवत. "आम्ही सगळं जाळलं होतं. हे टाइप कुणी केलं?"

"मी," काकू म्हणाल्या.

"वाचून मी दाखवलं," काका मागून बोलले. आवाज कापत होता, पण बोलले. काकूंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"असं लिहून द्याल?" साहेब गुरकावले.

"देते की." काकूंनी मशीन पुढे ओढलं आणि घरातला शेवटचा कोरा कार्बन लावला. "एक प्रत तुम्हाला, एक आम्हाला."