बंद फ्लॅटमधलं वाण

भाड्याने द्यायला ठेवलेल्या तुमच्या घराच्या दारात तुम्ही स्वतः शेवटचे कधी उभे राहिला होता?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. निवृत्त झालो, वर्दी कपाटात गेली, पण सावेडीतलं ते प्रकरण मनातून जात नाही.

ठाण्यात सकाळची हजेरी चालू असताना फोन आला. नाव न सांगता एक बाई म्हणाली, "आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक मुलगी राहते. ती ड्यूटीवर गेली की एजंट तोच फ्लॅट रिकामा म्हणून गिऱ्हाइकांना दाखवतो." इमारतीचं नाव तेवढं सांगून तिने फोन ठेवला.

त्या फ्लॅटच्या भाडेकरूची माहिती ठाण्याला दिलेली नव्हती. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. नवरा गेल्यावर मुलाने त्यांना पुण्याला नेलं होतं. मुलाला फोन लावला.

"फ्लॅट दोन वर्षं बंद आहे," तो म्हणाला. "ओल आलीय, भाडेकरू टिकणार नाही, असं एजंट सांगतो. घरपट्टी, मेंटेनन्स जातंच आहे, उत्पन्न शून्य. गुंतवणूक म्हणून परवडत नाही, विकून टाकतोय. शुक्रवारी आईची सही झाली की विषय संपला."

तेवढ्यात बाईंनी फोन घेतला. चौकशी कसली, हे त्यांनी विचारलंच नाही. "साहेब, खिडकीखाली कढीपत्ता आहे का हो अजून? मला तिथंच राहायचंय. पण हा म्हणतो, बंद घरात एकटी कशी राहणार. ते झाड तेवढं बघून सांगा."

माझी सगळी नोकरी सरकारी क्वार्टरमध्ये गेली. दर बदलीला भिंतीवरचे खिळे काढायचे आणि पुढच्या गावी निघायचं. आपली म्हणावी अशी खिडकी आम्हाला कधी मिळाली नाही. बाईंचा तो प्रश्न मला लागला. त्या शुक्रवारी सही झाली असती, तर त्यांची परतीची वाट कायमची बंद झाली असती.

एजंटला फ्लॅटवरच बोलावलं. गडी तयारीचा होता. "पाव्हणी हाय साहेब. माझी भाची, राहुरीची. आट दिवस झालं आलीय. घर मोकळंच हुतं, म्हनलं राहू द्या."

मुलगी खासगी दवाखान्यात नर्स. तिने तेच पाठ केल्यासारखं सांगितलं, माझ्याकडे न बघता. आत एक गादी, एक बॅग, दोरीवर दोन कपडे. शेजारी विचारलं, तर "आमाला काय म्हाईत न्हाई" असं म्हणत दारं लागली. इमारतीतले बहुतेक फ्लॅट तोच एजंट सांभाळत होता. त्याच्याशी वाकडं कोण घेणार?

आवाज चढवला की माणूस गप्प होतो, खरं बोलत नाही. म्हणून मी चहा मागितला. तिने ओट्यावरच्या फळीवरून गाळणी काढली. त्या फळीवर तसलीच दुसरी गाळणी होती, शेजारी साबणदाणी, कंगवा, आरशाची डबी. एका डबीच्या कडेला हळद अजून लागलेली होती. आमच्या घरीही हे सामान असंच साठतं.

"हे कुठलं, बाळ?"

"वाण आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं."

"कोणत्या संक्रांतीचं?"

ती एजंटकडे बघू लागली. पातेल्यात चहा उकळत होता. बाहेर श्रावणाची भुरभुर होती.

एजंट म्हणाला, "गावाकडून आनलं आसंल तिनं."

"आठ दिवसांची पाहुणी जुन्या गाळण्या घेऊन येते व्हय रे?"

एजंटने सगळं आवरायला लावलं होतं. पण वाण संसारात मिसळून जातं, ते आवरायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

समोरचं दार उघडलं. शेजारीणबाई पदर खोचून आत आल्या. "दोन वर्षं मीच देतेय तिला वाण. पाहुणी कसली, राहती पोर आहे ती. आणि तुम्हाला फोनही मीच केला. बाईंचं घर असं जाताना बघवेना."

मग मुलगी रडली आणि बोललीही. भाडं दर महिन्याला एजंटकडे देत होती. "मामा म्हण, नाहीतर सामान रस्त्यावर टाकीन," असा त्याचा दम होता. जबाब झाले, पंचनामा झाला, फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. फ्लॅट पडत्या भावात घेणारा एजंटचा मेहुणा निघाला; तोच पुढे चढ्या भावाने विकायला एजंट आधीपासून गिऱ्हाइकं फिरवत होता.

मालकीणबाई मुलाबरोबर शुक्रवारीच आल्या, पण सहीला नाही. आधी खिडकीत गेल्या. कढीपत्ता वरपर्यंत आला होता. मग त्यांनी फळीवरच्या गाळण्या बघितल्या. "इमारतीतलं हळदीकुंकू मी चालू केलं होतं," एवढंच म्हणाल्या. मुलगी बॅग भरत होती, तिला थांबवलं. "तू आतली खोली ठेव. मला बाहेरची पुरे. दोघी असलो की घर बंद नाही म्हणायचं."

मुलगा मान खाली घालून उभा होता. तो लबाड नव्हता. घराचा हिशेब त्याने चोख केला होता, फक्त दार उघडून बघितलं नव्हतं. आणि मी स्पष्ट सांगतो, अशा न बघण्यावरच चोर पोसले जातात. कुणीतरी जिथं परत जायला झुरतंय, ते घर नुसतं उत्पन्नाच्या रकान्यात बसवणं हा अन्याय आहे. तो शिकलेल्या माणसाने केला म्हणून कमी होत नाही.

म्हणून एक मागणं आहे. तुमची एखादी खोली, एखादा फ्लॅट कुणाच्या भरवशावर असेल, तर या रविवारी स्वतः जा. बेल वाजवा, राहणाऱ्याच्या हातचं पाणी प्या. आणि ज्यांनी ते घर उभं केलं ते म्हातारं माणूस तुमच्याकडे असेल, तर त्यांना सोबत न्या.