शालनमावशींना हवा असलेला नकार

शालनमावशी भाड्याचं घर बघायला गेल्या, की दार उघडलं तरी लगेच आत जायच्या नाहीत. पायांत चपला तशाच ठेवून, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उंबऱ्याबाहेरूनच सांगायच्या, "माझ्याकडे सेक्शन एटचं व्हाउचर आहे. भाड्यातला थोडा भाग मी देणार, बाकीचं सरकार थेट तुम्हाला देणार. चालत असेल तर चपला काढते." आणि मग समोरच्याचा चेहरा वाचत उभ्या राहायच्या. बहुतेक ठिकाणी चपला काढायची वेळच यायची नाही.

"मावशी, निदान घर तरी बघा आधी. मग सांगा," मी एकदा गाडीत वैतागून म्हणाले.

"घर आवडलं, पडदे कुठले लावायचे ते मनात ठरलं, आणि मग नाही म्हणाले तर? त्यापेक्षा दारातच काय ते होऊ दे."

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ओक ट्री रोडजवळच्या एका जुन्या घराच्या बेसमेंटमध्ये त्या राहत. त्याच घरात वरच्या मजल्यावरची एक खोली माझी. मावशी मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा इथल्याच एका ग्रोसरीत कामाला होता, तो गेला. त्यानंतर मावशींनी या भागातल्या मराठी सॉफ्टवेअरवाल्यांची तान्ही मुलं सांभाळली. आई-बाप ट्रेनने न्यूयॉर्कला जायचे आणि त्यांच्या मुलांचं पहिलं पाऊल मावशी बघायच्या. संध्याकाळी आई घरी आली की मावशी तिला ते सांगायच्या नाहीत. "तिच्यासमोर टाकेल तेच पहिलं," म्हणायच्या. पुढे गुडघे गेले, काम सुटलं. कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या या व्हाउचरच्या रांगेत त्यांनी वर्षानुवर्षं काढली, आणि त्यांचा नंबर लागला त्याच सुमारास आमच्या मालकाने घर विकायला काढलं.

व्हाउचर हातात आलं म्हणजे घर मिळालं असं नसतं. ठरलेल्या मुदतीत ते घेणारा मालक शोधावा लागतो. सापडला नाही तर व्हाउचर रद्द होतं आणि माणूस पुन्हा रांगेच्या शेवटी जातो. मी दोन पगाराच्या स्लिपा दाखवल्या आणि एका दुपारात अपार्टमेंट मिळवलं. माझी नोकरी उद्या जाऊ शकते, परवा व्हिसा जाऊ शकतो. मावशींच्या भाड्याची हमी तर खुद्द सरकार देत होतं. तरी विश्वासू मी, आणि धोका त्या!

आम्ही मराठी मालकांचीच घरं जास्त बघितली, कारण मावशींना इंग्रजीत घासाघीस जमत नसे आणि आपल्या लोकांच्या हातात आता दुसरी-तिसरी घरं आहेत. एक म्हणाले, "आम्ही फक्त प्रोफेशनल फॅमिलीला देतो." एक काकू म्हणाल्या, "सरकारी इन्स्पेक्शनची कटकट नको गं." एकाने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "यार, एकदा ते लोक आले ना, की सगळं नेबरहुड बदलतं." ते लोक म्हणजे कोण, हे त्याने सांगितलं नाही. हेच गृहस्थ दर पार्टीत ऐकवतात, की नवीन आले तेव्हा क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून त्यांना कोणी घर देईना, आणि तो किती अपमान होता! त्यांच्या गृहकर्जाच्या व्याजावर जी करसवलत मिळते, ती काय आकाशातून पडते? तीही सरकारी मदतच. फक्त ती घ्यायला कुणाच्या उंबऱ्यावर उभं राहावं लागत नाही.

माझे वडील नागपुरात पत्रकं छापून वाटायचे. अन्यायाला नाव आणि पत्ता असतो, असं मी त्या पत्रकांतून शिकले. इथे तो पत्ता माझ्या ओळखीचा निघाला.

नितीनची जुळी मुलं मावशींनी तीन वर्षांची होईपर्यंत वाढवली होती. त्याचं दुसरं टाउनहाउस रिकामं झालंय असं कळलं, तशा मावशी खुलल्या. त्याच्या दारात मात्र त्या नेहमीचं वाक्य बोलल्या नाहीत. चपला काढून सरळ आत गेल्या, बेसनाच्या लाडवांचा डबा ओट्यावर ठेवला आणि मग व्हाउचरचं सांगितलं.

"मावशी, तुम्ही मला आईसारख्या," नितीन म्हणाला. "बघतो ना मी. कळवतो."

त्याने चहा केला, आलं घालून. गाडीपर्यंत सोडायला आला.

त्या भरवशावर मावशींनी बाकीची घरं बघणं थांबवलं. मी म्हणायचे, अजून एक-दोन बघून ठेवू, त्या म्हणायच्या, "घरच्या माणसाने शब्द दिल्यावर दुसरीकडे फिरणं बरं दिसत नाही." नितीनचे मेसेज यायचे. जरा ट्रॅव्हलिंग आहे मावशी. पेंट करून घेतो मावशी. सोसायटीला विचारतो मावशी. प्रत्येक मेसेजखाली हात जोडलेले. इकडे मुदत संपत चालली होती. मग माझ्या ऑफिसातला एक मुलगा सहज म्हणाला, की त्याने परवाच ते टाउनहाउस बघितलं आणि मालक लगेच ॲग्रीमेंट करायला तयार आहे.

न्यू जर्सीत व्हाउचर आहे म्हणून घर नाकारणं बेकायदा आहे. मी मावशींना घेऊन भाडेकरूंना मदत करणाऱ्या एका छोट्या संस्थेत गेले. तिथल्या वकील बाईंनी विचारलं, "त्याने नकार दिला का?" मी मराठीत विचारलं. मावशी म्हणाल्या, "नाही. चहा दिला."

वकील बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तक्रारीला नकार लागेल."

आपल्या लोकांत तोंडावर नाही कोणी म्हणत नाही. बघू या म्हणतात, कळवतो म्हणतात, आणि समोरच्याने समजून घ्यायचं असतं. समजून न घेणारा माणूस अडाणी. मावशींना हे सगळं माहीत होतं, आणि तरी त्या मला म्हणाल्या, "चल. नकार घेऊन येऊ."

या वेळी त्या नितीनच्या सोफ्यावर बसल्या नाहीत.

"नितीन, मला नाही म्हण."

"अहो मावशी, काय हे? बसा तरी. चहा टाकतो."

"चहा नको. घर देणार आहेस का?"

"मावशी, तुमचा प्रश्नच नाही. पण उद्या सोसायटीत कळलं ना, सेक्शन एट घेतलंय, तर व्हॅल्यू पडते घराची. आणि एकदा घेतलं की उद्या कोणीही येईल. तुम्ही समजून घ्या ना."

"आयुष्यभर तेच केलं. आज तू स्पष्ट बोल. व्हाउचर आहे म्हणून घर देत नाहीस?"

वरच्या जिन्यात त्याची जुळी उभी होती, आता चांगली उंच झालेली. त्यातली मुलगी म्हणाली, "बाबा, जस्ट आन्सर हर."

"हो," नितीन म्हणाला. "म्हणून नाही देत."

"आता कसं," मावशी म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. बाहेर गाडीत त्या पर्स पोटाशी धरून बसल्या. सीटबेल्ट मी लावला.

तक्रारीवर सही करताना मी विचारलं, "नक्की ना?"

"तो मला आई म्हणतो ना? मग आईच तक्रार करतेय. परक्याने केली असती तर त्याला जास्त लागलं असतं."

बातमी मराठी मंडळात पोचली. गणपतीला दर वर्षी उकडीच्या मोदकांसाठी मावशींना बोलावणं असायचं. त्या वर्षी केटररला सांगितलं. दुकानात एका काकूंनी त्यांना गाठलं. "शालनताई, आपल्याच माणसावर केस करायची? शोभतं का?"

"आपला होता म्हणूनच इतकी थांबले मी," मावशी म्हणाल्या. "परका असता तर दुसऱ्याच दिवशी पुढचं घर बघितलं असतं. मिळालंही असतं."

त्या काकू भाज्या निवडायला लागल्या.

केस आम्ही जिंकलो. हे वाक्य लिहिताना मला आजही थुंकावंसं वाटतं. निकाल लागेपर्यंत व्हाउचरची मुदत संपली होती, वाढवून घेतलेलीसुद्धा. नितीनला थोडा दंड झाला, आणि घरभाड्याच्या कायद्याच्या वर्गाला बसायला सांगण्यात आलं. यापुढे व्हाउचरवाल्याला नाकारलं तर मोठी कारवाई, असंही कागदावर आलं. "म्हणजे त्याला शिकवणी लावली!" मावशी खळखळून हसल्या. त्या हसत होत्या तेव्हा त्यांचं सगळं सामान माझ्या गाडीच्या डिकीत होतं. त्या ओहायोला भाचीकडे निघाल्या होत्या. तिचं बाळ सांभाळायचं आणि हॉलमधल्या सोफाबेडवर झोपायचं. त्या गुडघ्यांनी.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. "मुक्ता, नितीनचं घर पुन्हा रिकामं होतंय म्हणे. व्हाउचर ऑफिसच्या रांगेत मला एक डेनिस भेटायची बघ, दोन मुलं आहेत तिला. तिला घेऊन जा त्याच्याकडे. आता त्याला नाही म्हणता येणार नाही."

मी डेनिसला घेऊन गेले. नितीनने दार उघडलं, मला बघितलं, कागद बघितले, आणि एकदाही बघतो न म्हणता किल्ल्या दिल्या. ती वर खोल्या बघायला गेली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "मावशी कशा आहेत?"

"नंबर आहे ना तुमच्याकडे," मी म्हणाले.

संध्याकाळी मावशींना सगळं सांगितलं. पलीकडे बाळ रडत होतं, त्या त्याला थोपटत ऐकत होत्या.

"दिलं ना घर? मग झालं की."

"काय झालं, मावशी? तुमचं घर होतं ते. माझा राग जात नाहीये."

"जाऊ देऊ नकोस. तो प्रोफेशनल फॅमिलीवाला आठवतो का, आपल्याला दारातनं परत पाठवणारा? त्यालाही घर भरायचंच असेल. रांगेत अजून पुष्कळ बायका आहेत, मुक्ता. घेऊन जा त्याच्याकडे कोणाला तरी. आणि तो चहा देईल, तर पिऊ नका."